प्रविणच्या गावातल्या खाटा

बस स्टँडकडून पवनीत शिरताना डाव्या हाताला टिनाच्या दुकानांची एक रांग आहे. तिच्यातलं तिसरं दुकान माझं, चौथं प्रविणचं. माझ्या दुकानाला पाटी नाही. चाळीस वर्षं कपडे शिवतो आहे, ज्याला यायचं तो विचारत येतो. प्रविणची पाटी मात्र दुकानापेक्षा मोठी: आधार, पॅन, सातबारा, पीक विमा, जन्म-मृत्यूचे दाखले, झेरॉक्स, लॅमिनेशन. आमच्या मध्ये एक पत्रा आहे. त्यातून त्याचं बोलणं मला ऐकू येतं आणि माझ्या मशीनची खटखट त्याला. लोक मला लक्ष्मणराव टेलर म्हणतात. मी स्वभावाने चिडका आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढं कोणी मनाला लावून घेणार नाही.

प्रविण चिडत नाही, आणि त्याचीच मला चीड येते. रोवणीत, कापणीत, विड्या वळण्यात जन्म गेलेल्या म्हाताऱ्या बायांच्या बोटांवर रेघा उरत नाहीत. मशीनवर अंगठा ठेवला की मशीन नकार देतं. दुसरा कोणी असता तर "उद्या या" म्हणून मोकळा झाला असता. हा बोट ओल्या फडक्याने पुसणार, जरा चोळणार, मग दुसरं बोट, मग तिसरं. "मशीन नाई म्हणते माय, मी नाई म्हणत नाई," असं म्हणत दहाच्या दहा बोटं लावून पाहणार. बाहेर रांग ताटकळत असते. पण त्याने भरलेला अर्ज कधी परत आल्याचं मी ऐकलं नाही. एखादी चिठ्ठी कमी पडेल, एखादं नाव चुकेल, असं त्याच्याकडे होतच नसे.

त्याचे वडील भय्याजी माझे जिवलग. तीन एकर धान, बाकी काही नाही. ते गेले तेव्हा प्रविण नागपुरात टायपिंगच्या एका क्लासमध्ये शिकवायला होता. तेव्हा आला तो तेरावं झाल्यावरही परत गेलाच नाही. आई एकटी कशी राहील, एवढंच म्हणाला. मग दुकान टाकलं, कारध्याच्या टीनाशी लग्न झालं, आणि लग्नानंतर दोन वर्षांनी टीनाला दिवस गेले.

इथे मला माझं एक सांगावं लागेल. सातव्या महिन्यात मी हौसेने तीन कुंच्या शिवल्या. आमच्याकडे बाळ व्हायच्या आधी नवा कपडा शिवत नाहीत, हे मला शिंप्याला कोणी सांगायला नको. पण भय्याजींचा नातू येणार, मला धीर निघेना. एक पिवळी, एक गुलाबी, एक फुलाफुलांची, आत मऊ मलमलचं अस्तर. प्रविणनेही भंडाऱ्याहून पाळणा आणला. आठव्या महिन्यात बाळ पोटातच गेलं. डॉक्टर म्हणाले, कोणाची चूक नाही. प्रविणची आई सत्यभामाबाई, म्हणजे माझ्या वहिनी, एक शब्द बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी पाळणा आणि तिन्ही कुंच्या घेऊन वैनगंगेवर गेल्या आणि हात धुऊन परत आल्या.

त्यानंतर दोनदा राहिलं आणि दोनदा गेलं. वहिनींनी घराला नियम घातला: जे आलं नाही त्याच्यासाठी काही करायचं नाही. बाजारात झबलं पाहायचं नाही, नाव काढायचं नाही. मीही त्या दिवसापासून न जन्मलेल्या लेकरासाठी सुईत दोरा ओवला नाही. गिऱ्हाईक आलं की सांगायचो, आधी पेढा आण, मग माप दे. लोक हसायचे, पण मला हसू येत नसे.

आता खेळाचं सांगतो.

लॉकडाऊनमध्ये दुकानं बंद होती, तेव्हा प्रविणने घरी कॉम्प्युटर नेला आणि तिथे त्याला हा नाद लागला. ठोकळ्यांचा खेळ. जमीन चौकोनी, झाड चौकोनी, सूर्यसुद्धा चौकोनी. गोल गळा कापताच येणार नाही अशी दुनिया. ठोकळे खणायचे, रचायचे, काय बांधायचं ते बांधायचं. लोक त्यात किल्ले बांधतात, महाल बांधतात. याने गाव बांधलं. लॉकडाऊन संपल्यावर कॉम्प्युटर दुकानात परत आला, त्यासोबत ते गावही आलं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी पत्र्यापलीकडे जाऊन त्याच्या बाकावर बसायचो आणि पाहायचो. म्हणजे आधी नावं ठेवायचो, मग पाहायचो.

त्या गावात माणसं राहतात. मोठी नाकं, पायापर्यंत डगले, आणि दोन्ही हात समोर बाह्यांत खुपसलेले, जसं शिंप्याने बाह्यांची तोंडं उघडी ठेवलीच नाहीत. बोलत नाहीत, नुसते हं हं करतात. प्रविणच्या बाकावर सर्व्हर सुरू व्हायची वाट पाहत बसलेल्या माणसांसारखेच दिसतात. त्यांना जगवायचं, त्यांची संख्या वाढवायची, त्यांना घरं द्यायची, हा खेळ. रात्र झाली की तिथे मुडदे फिरतात आणि उघड्यावर सापडला त्याला धरतात. म्हणून प्रत्येकाला दार हवं आणि प्रत्येकाला खाट हवी.

एकदा त्याने मला दुसऱ्या लोकांचे व्हिडिओ दाखवले. त्यांत या माणसांना एकेका ठोकळ्याच्या कोंडीत उभं करून ठेवलेलं, कोंबड्यांच्या खुराड्यासारखं. समोरून माल घ्यायचा, माल द्यायचा, त्यांनी जन्मभर तिथंच उभं राहायचं. प्रविणला ते पाहवेना. त्याच्या गावात प्रत्येकाचं घर वेगळं, पुढं पडवी, मागं वाडी. एक हिरव्या डगल्याचा आहे, तो काहीच काम करत नाही, खेळातच तसा जन्माला येतो. बाकीचे खेळणारे त्याला हाकलतात म्हणे. याने त्यालाही तळ्याकाठी घर दिलं.

"याले कायले पोसून राहिला बे?" मी विचारलं.

"गावात एखादा असा पायजे, काका. नाईतर बाकीच्यायले नावं कोणाले ठेवाव?"

म्हणताना माझ्याकडे पाहून हसला. मी त्याच्या पाठीत गजाची पट्टी हाणली.

एक दिवस पाहतो तर एका माणसाला नावेत बसवून नदीपार नेणं चालू. विचारलं, हे काय? म्हणाला, लग्न आहे. एकाच गावात वाढलेले सारे भाऊबहीण होतील, म्हणून याने नदीच्या त्या काठाला दुसरं गाव वसवलं होतं, सोयरिकीसाठी. इकडची नवरी तिकडे, तिकडची इकडे. जसं आपल्याकडे कारध्याची मुलगी पूल ओलांडून भंडाऱ्यात देतात. आणि ती नवरी एकदा नावेत बसली की उतरतच नाही. नाव फोडावी लागते, तेव्हा उतरते.

"खेळाले समजते का भाऊ-बहीण?" मी म्हणालो.

"खेळाले कायचं समजते. त्यायच्यात बाई अन् माणूससुद्धा वेगळं नसते. कोणी कोणासोबत चालते."

"मंग?"

"मले समजते ना, काका."

मला त्या दिवशी हसता हसता ठसका लागला. घरी जाऊन शकुनला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "पोराले लेकरू पायजे, तुमाले दिसत नाई का?" दिसत होतं. मी ते न पाहता खेळ पाहत होतो.

आणि मग त्याने एक दिवस पत्र्याच्या फटीतून हळूच सांगितलं की त्याने आणि टीनाने दत्तकासाठी नोंदणी केली आहे. अर्ज त्यानेच भरला होता, त्याच खुर्चीत बसून. वयाच्या रकान्यात तान्हं बाळ नाही, चार ते सहा वर्षं असं लिहिलं होतं. आईला विचारलं का, मी म्हणालो. आई म्हणाली होती, आणा. कोणाचं का असेना, लेकरू आहे. पण जे करायचं ते आल्यावर.

दत्तक देण्याआधी घर पाहायला माणूस येतो. संस्थेच्या रत्नमाला मॅडम येणार असं पत्र आलं. त्याच्या चार दिवस आधी प्रविण माझ्याकडे आला आणि उभाच राहिला. म्हणाला, "काका, एक लहान गादीची खोळ शिवून द्या. तीन फुटाची खाट पाहून ठेवली हाये. मॅडम येऊन पाहतीन तर खाट तरी दिसली पायजे."

मी कैची खाली ठेवली. "मायाकडून नाई होणार," मी म्हणालो.

"काऊन?"

"तुले मालूम हाये."

तो दुसऱ्या टेलरकडे जाऊ शकला असता. पवनीत टेलरांचा काही दुष्काळ नाही. पण घरी खाट आणली तर आईला झोप लागणार नाही, हेही त्याला ठाऊक होतं. तो गेला आणि जाऊन खेळ लावून बसला. तिथे खाट करायला तीन फळ्या आणि तीन लोकरीचे ठोकळे लागतात, बस. कोणाला विचारावं लागत नाही.

मॅडम आल्या त्या दिवशी मी तिथेच होतो, कारण ओळखीचा माणूस म्हणून माझं नाव दिलेलं. चांगल्या होत्या बाई, शांत, वहीत बारीक अक्षरात लिहिणाऱ्या. पुढची खोली पाहिली, तिथे वहिनींची खाट. मधली पाहिली, तिथे या दोघांची. तिसरीत धानाची पोती आणि फवारणीचा पंप.

"मूल कुठे झोपेल?" त्यांनी विचारलं.

टीनाने सासूकडे पाहिलं. वहिनी म्हणाल्या, "येऊ त द्या आधी. आल्यावर कोणी उघड्यावर ठेवते काय?"

"कपडे, खेळणी, काही आणलंय?"

"काई नाई. आमच्यात आधी करत नाईत." हे त्या मान ताठ करून बोलल्या, जसं काही व्रत सांगताहेत.

मॅडमनी लिहून घेतलं. मग मला विचारलं की तुम्हाला काही सांगायचंय का. मला सांगायचं होतं. तीन कुंच्या, पाळणा, वैनगंगा, सगळं घशाशी आलं होतं. पण टीना समोर उभी होती आणि त्या घरात त्या दिवसाचं नाव निघत नाही. मी म्हणालो, "माणसं चांगली हाये, मॅडम." बस, एवढंच म्हणालो. एरवी माझी जीभ कैचीसारखी चालते.

महिनाभराने अहवाल आला. प्रविणनेच त्याच्या कॉम्प्युटरवर तो उघडला आणि मला हाक मारली. मला कामापुरतंच वाचता येतं. त्याने वाचून दाखवलं: घरात मुलासाठी तयारी आढळली नाही, आजीची मानसिक तयारी असल्याचे दिसत नाही, तीन महिन्यांनी पुन्हा भेट देऊन निर्णय घ्यावा. तेव्हाही असंच दिसलं तर नाव यादीतून जाईल.

"जगाचे अर्ज भरतो मी," प्रविण म्हणाला. "माया एक अर्ज, काका. एकच. तो परत आला."

मी बाहेर जाऊन उभा राहिलो. रस्त्यावरून एस.टी. जात होती, तिच्याकडे पाहत राहिलो. त्या खोळीला सव्वा दोन मीटर कापड लागलं असतं आणि तासभर वेळ. त्या दिवशी मला माझ्या हातांचा राग आला.

दिवाळी झाली. अडीच महिने गेले. वहिनींना कोणी सांगावं? प्रविणने एकदा सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, "लेकरू खाटीसाठी येते का घरासाठी? त्या बाईले सांग, या घरात आधी करून पाहिलं हाये." टीना आत गेली आणि भांडी घासत बसली.

मग श्रावणबाळ योजनेच्या पैशांसाठी हयातीचा दाखला द्यायचा म्हणून वहिनी एका दुपारी दुकानात आल्या. नेमका सर्व्हर बंद. प्रविण म्हणाला, बस माय, होईल. मीही येऊन बसलो, कारण भय्याजी गेल्यापासून वहिनी बाजारात फारशा येत नाहीत. तेवढ्यात कोणी झेरॉक्सला आलं, प्रविण उठून तिकडे गेला. समोरच्या पडद्यावर त्याचं गाव उघडंच होतं.

वहिनींनी चष्मा सारखा केला. "हे कोण हाये?"

"तुमच्या पोराची रयत," मी म्हणालो.

पडद्यावर दोघं समोरासमोर उभे होते. नव्याने बांधलेलं घर, दार उघडं. त्यांच्या पायांशी भाकरी पडलेल्या, त्यांनी उचलल्या. मग एकमेकांकडे पाहत उभे राहिले आणि डोक्यावरून लाल बदाम उडू लागले. वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या, बऱ्याच दिवसांनी. पण पुढच्या क्षणी बदाम गेले आणि दोघांच्या डोक्यावर काळपट ढग आला. दोघं तोंड फिरवून आपापल्या वाटेने गेले.

"भांडले काय?" वहिनींनी विचारलं.

प्रविण परत आला होता. खुर्चीत न बसता मागेच उभा राहिला. म्हणाला, "नाई माय. लेकरू पायजे होतं त्यायले. पण जमलं नाई."

"काऊन? बाईत काई दोष हाये का?"

"कोणातच दोष नसते. खाट नाई. गावात एक तरी खाट रिकामी असली पायजे. नाई त त्यायले लेकरू होत नाई."

"आधी खाट?"

"आधी खाट. खाटीवर उंचीही मोकळी ठेवा लागते. लेकरू उड्या मारते खाटीवर, त्याचं डोस्कं नाई लागलं पायजे."

वहिनी पडद्याकडे पाहत राहिल्या. "मंग ठेव ना," त्या म्हणाल्या. "तिष्ठत कायले ठेवून राहिला त्यायले?"

प्रविणने वाकून खाट ठेवली. लाल चादरीची. आम्ही तिघं बसलो. बाहेर एक माणूस पीक विम्याचं विचारायला आला, त्याला मी हातानेच थांब म्हणालो. बऱ्याच वेळाने ते दोघं पुन्हा जवळ आले, पुन्हा बदाम उडाले, आणि त्यांच्या मध्ये एवढुसं, मोठ्या डोक्याचं एक लेकरू उभं. धावत आत गेलं आणि खाटेवर उड्या मारायला लागलं.

वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "अन् हे मेलं त?"

"कदी मरते, माय. मुडदे येते, धरून नेते."

"मंग खाट? फेकून देतेत?"

"नाई. राहू देतो तशीच." प्रविणने पडद्यावरच्या खाटेकडे बोट दाखवलं. "रिकामी खाट अपशकुनाची नसते यायच्यात. रिकामी खाट पाहूनच त दुसरं लेकरू येते."

"एवढ्या साऱ्यायले खाटा देल्ल्या तू," वहिनी पुटपुटल्या. मग सर्व्हर सुरू झाला. प्रविणने त्यांचा अंगठा फडक्याने पुसला, मशीनवर ठेवला. सातव्या बोटाला मशीनने मानलं की बाई जिवंत आहे.

दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडतो तो वहिनी पायरीवर बसलेल्या. मांडीवर दोन लुगडी, एक हिरवं, एक जांभळं, धुऊन धुऊन लोण्यासारखी मऊ झालेली.

"खोळ शिव," त्या म्हणाल्या. "तीन फूट बाय पाच. नवं नोको. जुन्याले कोणाची नजर लागत नाई."

मी लुगडी घेतली, पण हात मशीनकडे जाईना. त्यांनी ते पाहिलं.

"लक्ष्मण, तू कायले नाई म्हटलं पोराले, मले मालूम हाये. बैस. आयक. तुया शिवल्यानं ते गेलं नाई. त्यानं पाळणा आणल्यानंही नाई. इतके वर्सं म्या दोघायलेही मनात दोष देल्ला." पदराने डोळे पुसले आणि लगेच नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "टाका बारीक घाल. लेकरू उड्या मारते म्हणते."

मी रडलो. साठी उलटलेला माणूस, भर सकाळी, दुकानाचं दार उघडं. वहिनी उठून गेल्या नाहीत. खोळ पूर्ण होईपर्यंत बसून राहिल्या आणि दोनदा टाका उसवायला लावला.

त्याच आठवड्यात तिसऱ्या खोलीतली पोती निघाली. ती वहिनींनी आपल्या खाटेखाली आणि खाटेभोवती लावून घेतली, त्यामुळे आता त्यांना खाटेवर चढायला कसरत करावी लागे. खाट आली, गादी भरून आली. मॅडम दुसऱ्यांदा आल्या तेव्हा वहिनींनीच त्यांचा हात धरून आत नेलं. आणि मग स्वतःहून, टीनासमोर, पाळण्याची आणि तीन कुंच्यांची सगळी गोष्ट सांगितली. टीना दाराची चौकट धरून ऐकत होती. तिच्यासमोर त्या घरात ते पहिल्यांदा बोललं गेलं. मॅडमनी त्या दिवशी वही मिटून ठेवली होती.

अर्ज मंजूर झाला. पण मंजूर झाला म्हणजे लेकरू आलं असं नाही. वाट पाहायची असते. महिना गेला, सहा महिने गेले, वर्ष गेलं. खाट रिकामी. वहिनी रोज चादर झटकायच्या. आल्यागेल्याने विचारलं तर टोमणाही यायचा: कशात काय अन् फाटक्यात पाय. वहिनी म्हणायच्या, असू द्या. दर आठ-पंधरा दिवसांनी दुकानात यायच्या आणि विचारायच्या, "आपल्या गावात किती झाले?" एकदा प्रविणकडून कुंपणाचं दार उघडं राहिलं आणि मुडद्यांनी अर्धं गाव नेलं, तो हिरव्या डगल्याचाही गेला. प्रविणने दोन दिवस खेळ उघडला नाही. वहिनींनी विचारलं, "खाटा हायेत ना? मंग भरतीन." मला त्या बाईचं नवल वाटलं.

दीड वर्षाने, उन्हाळ्याच्या तोंडाला, प्रविणने पत्र्यावर इतक्या जोरात थाप मारली की माझ्या हातची सुई बोटात घुसली. फोटो आला होता. मुलगी, साडेपाच वर्षांची, नाव गुंजन. मॅडमनी फोनवर एक गोष्ट आधीच सांगितली, म्हणजे नंतर कोणी दचकू नये. ही मुलगी याआधी एका घरी दिली होती. चार महिन्यांनी त्या लोकांनी तिला परत आणून सोडलं. जमलं नाही म्हणाले. तुम्ही विचार करून सांगा, मॅडम म्हणाल्या.

"विचार करून झाला," टीना म्हणाली.

गुंजनला आणलं तेव्हा दुपारचे दोन वाजले असतील. मला आणि शकुनला बोलावणं होतं. दारात वहिनींनी ओवाळलं, भाकरतुकडा उतरून टाकला. पोर किरकोळ, केस बारीक कापलेले, पाठीवर शाळेची असते तशी बॅग, दोन्ही पट्टे दोन्ही हातांनी धरलेले. खुर्ची दिली, बसली नाही. पाणी दिलं, उभ्यानेच प्यायली. टीना म्हणाली, बॅग काढून ठेव बाळा, तर मान हलवली आणि पट्टे आणखी घट्ट धरले. कोणी जबरदस्ती केली नाही.

मग टीनाने तिला तिसऱ्या खोलीत नेलं. आम्ही दारातून पाहत होतो. मुलीने खाटेला एक बोट लावलं.

"कोनाची हाये?"

"तुयी," टीना म्हणाली.

"पयले कोनाची होती?"

"कोणाचीच नाई. तुया नावाचीच हाये."

मुलीने खाटेच्या चारी पायांकडे पाहिलं, गादीकडे पाहिलं. मग अगदी साध्या आवाजात, जसं कोणी बसची वेळ विचारावी, तसं विचारलं, "मी गेल्यावर कोनाची?"

टीनाने तोंड फिरवलं. प्रविणकडे मी पाहिलं. प्रत्येक रकान्यात काय लिहायचं हे ठाऊक असणारा तो माणूस दाराच्या कडीशी चाळा करत राहिला. त्या मुलीने खोटं काही विचारलं नव्हतं. आजवर तिच्या प्रत्येक खाटेवर तिच्यानंतर कोणीतरी आलं होतं.

वहिनी गुडघ्यावर हात टेकून खाली तिच्याशेजारी बसल्या. त्यांना प्रश्न पूर्ण कळला होता, चेहऱ्यावर दिसत होतं.

"तू गेल्यावर?" त्या म्हणाल्या. "आयक. तू शिकशीन, मोठी होशीन. मंग लगन होऊन तुया घरी जाशीन. तवाही तुयीच. पयल्या बाळंतपणाले पोरगी मायेरी येते. तू येशीन ना, तवा याच खाटीवर निजशीन. मधात कोणी बसलं हिच्यावर त मले सांगजो, मी पाहतो त्याले."

मुलीने हे सगळं नीट ऐकलं. कपाळाला आठ्या पाडून थोडा वेळ विचार केला.

"अन् मले लेकरू झालं त ते कुठं झोपन?"

"त्याची दुसरी करू," वहिनी म्हणाल्या. "ते यायच्या आधीच करून ठेवू."

गुंजनने एक पट्टा खांद्यावरून उतरवला, मग दुसरा, आणि बॅग खाटेवर ठेवली.